खाडीचा डेटा ठेवायचा कुठे: हार्ड डिस्क, ड्राइव्ह की झेनोडो?

ठाणे खाडीवर प्रबंध करणाऱ्याकडे एकदोन हंगामांतच बराच ऐवज साठतो: फ्लेमिंगोंची मोजणी, पाण्याची क्षारता, कांदळवनाचे फोटो, कोळीवाड्यातल्या मुलाखती. तो ठेवायला बहुतेकांपुढे तीनच वाटा असतात.

हार्ड डिस्कला एकदाच पैसे मोजायचे, आणि ऐरोलीला खाडीकाठी रेंज गेली तरी काम अडत नाही. पण हातातून पडली किंवा लोकलमध्ये राहिली की संपलं. दुसरी प्रत म्हणून उत्तम, एकुलती एक प्रत म्हणून अजिबात नको.

गूगल ड्राइव्हवर तुम्ही आणि गाइड एकाच शीटमध्ये लिहू शकता, जुन्या आवृत्त्याही सापडतात. फुकटचे १५ जीबी मात्र जीमेल आणि फोटोंसकट; ड्रोनचे व्हिडिओ असतील तर विसरा. खरी मेख आहे खात्यात. फोल्डर कॉलेजच्या ईमेलवर असेल आणि पदवीनंतर ते खातं बंद झालं, तर डेटाही हातचा जातो. स्वतःच्या खात्याकडे दोन वर्षं फिरकला नाहीत तर गूगल तेही पुसू शकतं.

झेनोडोचं कामच निराळं: ते संशोधनाचा डेटा सगळ्यांसाठी प्रकाशित करण्याचं ऑनलाइन भांडार आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था २०१३ पासून ते चालवते. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फुकट, वर डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो; त्यामुळे शोधनिबंधात डेटाचा रीतसर संदर्भ देता येतो. पण एकदा प्रकाशित केल्यावर फायलींतल्या दुरुस्तीसाठी सहसा नवी आवृत्तीच काढावी लागते, त्यामुळे रोजच्या कामाला ते नको. मुलाखतीही जशाच्या तशा खुल्या करू नका. नाव गाळलं तरी ‘वाशीगावातला साठीचा, दोन होड्यांचा मालक’ एवढ्यावरून गावातलं पोरही माणूस ओळखेल.

मी म्हणेन, काम ड्राइव्हवर करा, दर आठवड्याला डिस्कवर प्रत घ्या आणि प्रबंध सादर करताना झेनोडो गाठा.

मात्र ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘सरांनी बघितलेली फायनल’ अशा तीन फायली असतील, तर यातलं काहीच कामाला येणार नाही. ‘क्षारता’च्या रकान्यात नुसतं २८ लिहिलंय, एकक कोणतं? भरतीचं पाणी की ओहोटीचं? खाडीत यानेच आकडा बदलतो. ‘०५/०१’ ही ५ जानेवारी की १ मे? वर्ष आधी टाकून ‘२०२४-०१-०५’ लिहा, फायली आपोआप क्रमाने लागतात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल हवीच: रकाने, एककं, कोणतं यंत्र, कोणी मोजलं. ती आजच लिहा. यंत्राचं मॉडेल पुढच्या पावसाळ्यात आठवत नाही.