डब्यावर ४०० वॉट, आतून १८ पण नाहीत! अँप (अॅम्प्लिफायर) घेताना फसलो, तुम्ही फसू नका

दोन दिवाळ्यांचा बोनस साठवून बुकशेल्फ स्पीकर घेतले होते, ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती आवाज निघतो तो आकडा) ८६ डीबी. अँपसाठी पैसे कमीच उरले म्हणून शनिवारी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानदाराला स्पीकरचा मॉडेल नंबर दाखवला तर म्हणाला "साहेब टेन्शन घेऊ नका, हा ४०० वॉटचा आहे, तुमच्या स्पीकरला पुरून उरेल", आणि लगेच स्वतःच्या दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावून दाखवला, आवाज एकदम खणखणीत. साडेसहा हजार रोख दिले, बिल मागितलं तर पॅडवर लिहिलेली कच्ची पावती दिली, त्यावर नुसतं "अँप १ नग".

खरी चलाखी त्या डेमोत होती हे मला नंतर कळलं. तसले मोठे स्पीकर ९५ डीबीच्या आसपास असतात, म्हणजे माझ्यापेक्षा ९ डीबी जास्त, आणि दर ३ डीबीला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे तेवढाच आवाज माझ्या स्पीकरमधून काढायचा तर आठपट पॉवर पाहिजे!

घरी आवाज दबका यायचा म्हणून मी नॉब वाढवत गेलो. भीमसेनजींची तान वर गेली की चरचर यायची, मला वाटलं रेकॉर्डिंगच तसं असेल. बाराव्या दिवशी डावा ट्वीटर (स्पीकरमधला उंच सूर काढणारा छोटा भाग) गेला.

रिपेअरवाल्या काकांनी अँप उघडलाच नाही, आधी अॅडॉप्टर उलटा करून बघितला. १२ व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे भिंतीतून येणारेच जास्तीत जास्त ६० वॉट, मग ४०० बाहेर पडणार कुठून? त्यांनी कागदावर मांडून दाखवलं, १२ चा वर्ग १४४, भागिले ४ ओहमची दुप्पट म्हणजे ८, आले डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनलला १८ वॉट, ते पण आतलं सगळं आदर्श धरून, प्रत्यक्षात त्याहून कमीच. डब्यावरचा आकडा पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणभराचा आकडा) होता, आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) कुठेच लिहिलेला नाही. त्यात अँपची ताकद संपली की तो सिग्नलचे माथे छाटतो, त्या छाटलेल्या सिग्नलमध्ये वरच्या फ्रीक्वेन्सी वाढतात आणि त्या सगळ्या ट्वीटरच्या बारीक कॉइलवर येतात. मोठ्या अँपने स्पीकर उडतो हेच आजवर ऐकलं होतं, कमी पॉवरचा अँप जास्त रेटला तरी जळतो हे कोणी सांगितलंच नव्हतं.

दुकानात परत गेलो तर "तुमचा स्पीकरच कमजोर, आणि हा अँप आमच्याकडचा कशावरून?" खूप राग आला, पण दाखवायला पक्कं बिलच नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनीही पहिल्यांदा बिलच विचारलं.

म्हणून कळकळीने सांगतो, तुमचे स्पीकर उचलून दुकानात न्या आणि त्यांच्यावरच ऐका, ४ ओहमला प्रत्येक चॅनलचे आरएमएस वॉट किती आणि किती डिस्टॉर्शनला (आवाज किती फाटतो त्याची टक्केवारी) हे विचारा (१० टक्क्यांचा आकडा सांगत असतील तर तो धरू नका), अॅडॉप्टरवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर तिथेच करून बघा, आणि जीएसटी बिलावर मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्वीटर अजून मिळालेला नाही, सध्या एकाच स्पीकरवर ऐकतोय.