लिम्पोपो, नामिबिया की टांझानिया? पहिल्या शिकार सफारीचं ठिकाण निवडताना

माझा आतेभाऊ पंधरा वर्षं टेक्सासात आहे. तिथल्या मित्रांबरोबर दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातो, रीतसर परवाना काढून. यंदा त्या मित्रांनी आफ्रिकेचा बेत काढला. त्याने मला तीन माहितीपत्रकं पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘दादा, यातलं कुठलं?’ माझं उत्तर बरंच लांबलं. तेच थोडं नीट लावून इथे देतो आहे.

मी स्वतः बंदूक चालवत नाही. पण नामिबियातल्या एका शिकारतळावर आठ दिवस राहिलो आहे, माग काढणाऱ्यांच्या मागून रोज उन्हात चाललो आहे. शिवाय आम्ही मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या दरबारच्या शिकारखान्यात पाळलेले चित्ते असत, ते काळविटांवर सोडत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये पहिले आठ चित्ते पुन्हा आणले ते नामिबियातूनच. त्यामुळे शिकार झाल्यावर त्या माळावर जनावर उरतं का आणि वाटा कुणाला मिळतो, हे मी दराच्या आधी बघतो. वाटा हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. आमच्या आजोळी रानडुकराची शिकार झाली की पानांवर वाटे पडत, कुत्री धरून उभ्या राहिलेल्या पोरालाही त्याचा वाटा मिळे, असं आजोबा सांगत.

पहिलं पत्रक दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांताचं. सोय बघाल तर हीच जागा सर्वांत सोपी. जोहान्सबर्गला उतरायचं, काही तासांत मोटारीने रँचवर, दुसऱ्या दिवशी पहाटे शिकारीला. १९९१ च्या कायद्याने पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या वन्य जनावरांवर जमीनमालकाचा हक्क मान्य झाला. मग अनेकांनी गुरं काढून कुडू, इम्पाला, न्याला ही आफ्रिकी हरणं ठेवली. खासगी जमिनीवर जनावरं वाढली, हे मान्य करायलाच हवं. पण कुंपण ते कुंपणच. रँच काही हजार हेक्टरांचा असेल तर जनावराला पळायला, लपायला जागा असते. लहान असेल तर तुम्ही मोठ्या गोठ्यात फिरत असता. पत्रकात हेक्टरचा आकडा नव्हता. तो विचारा, आणि जनावरं तिथेच जन्मलेली आहेत की हंगामाआधी ट्रकमधून आणून सोडतात तेही विचारा.

त्याच पत्रकाच्या शेवटच्या पानावर सिंहाचा ‘पर्याय’ होता, दिवस थोडे आणि यशाची हमी. पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहाचा हा धंदा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेच २०२१ मध्ये तो बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. माणसाच्या हातून खाल्लेलं जनावर माणसाला बघून पळत नाही. त्याला मारण्याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. आतेभावाला मी स्पष्ट लिहिलं, हे पान फाडून टाक. जो आउटफिटर, म्हणजे शिकार सफारी भरवणारा, हे विकतो त्याच्याकडे कुडूसाठीसुद्धा जाऊ नकोस.

नामिबियाबद्दल मला जास्त सांगायचं आहे.

तिथे शिकारीच्या दोन तऱ्हा आहेत. एक खासगी फार्मवरची. बऱ्याच फार्मना फक्त गुरांचं बुटकं कुंपण असतं. कुडू ते सहज उडी मारून ओलांडतो, ऑरिक्स हे लांब शिंगांचं हरण खालून सरपटत निघतं. दुसरी तऱ्हा कॉन्झर्व्हन्सीची. १९९६ च्या कायदादुरुस्तीने गावांना एकत्र येऊन आपल्या सामाईक जमिनीवरच्या वन्यजीवांचं व्यवस्थापन करायचा आणि त्यातून उत्पन्न घ्यायचा हक्क मिळाला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या. त्यांतली निये निये ही सान लोकांची. आज अशा ८० हून अधिक आहेत. किती जनावरं मारायची याचा कोटा ठरतो, शिकार कंपनी गावाशी करार करते, पैसे कॉन्झर्व्हन्सीच्या खात्यात जातात, गावचे गस्तकरी त्यातून पगार घेतात. मांस गावात वाटलं जातं.

ऑरिक्स पडला तेव्हा मी तिथे होतो. दुपारपर्यंत कातडं आणि शिंगं एका बाजूला होती, आणि गाडीच्या मागच्या फळीवर मांसाचे ढीग मांडले जात होते. एक म्हातारी बादली घेऊन आली होती. मला एकदम आजोळची पानं आठवली.

सगळं गोड आहे असं नाही. हत्ती पाण्याच्या टाक्या फोडतात, सिंह गुरं मारतात, आणि ज्याची गाय गेली त्याला कॉन्झर्व्हन्सीच्या खात्याचं कौतुक नसतं. शिवाय पत्रकावर ‘नामिबिया’ छापलं म्हणजे जमीन गावाचीच असेल असं धरू नका. आतेभावाला आलेलं पत्रक खासगी फार्मचं होतं. वाईट नव्हतं, पण ती वेगळी गोष्ट. मार्गदर्शकाच्या परवान्याचा दर्जाही विचारून घ्या. साध्या हंटिंग गाइडला ठरावीक फार्मवरच नेता येतं, प्रोफेशनल हंटर देशभर नेऊ शकतो, आणि हत्ती किंवा म्हशीसारख्या धोकादायक जनावरांसाठी वेगळी पात्रता लागते.

टांझानियाचं पत्रक सर्वांत देखणं होतं. मोठमोठे ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी कंपन्यांना दिलेले रानाचे पट्टे, कुंपणाचं नाव नाही, कधीकधी तळावर पोचायलाही छोटं विमान. इथली खरी शिकार केप म्हशीची, म्हणजे आफ्रिकी रानम्हशीची. जुना, कपाळावरची शिंगं एकसंध कडक झालेला नर कळपातून वेगळा शोधायचा, वारा आपल्या तोंडावर घेत जवळ जायचं, तेही झाडीत, कधीकधी पन्नास पावलांवर. त्यासाठी .३७५ कॅलिबरची किंवा त्याहून मोठी रायफल लागते, आणि तिचा धक्का हरणाच्या रायफलीची सवय झालेल्या खांद्याला चांगलाच जाणवतो. मिओम्बोच्या जंगलात त्सेत्से माश्या चावतात, मलेरियाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. सिंहासाठी परंपरेने २१ दिवसांची सफारी असते आणि सहा वर्षांखालचा नर मारायचा नाही असा नियम आहे. हा नियम मला पटतो. पण हा देश पहिल्या फेरीचा नाही. पैसा, सुट्टी आणि म्हशीसमोर स्थिर राहणारा हात, तिन्ही लागतात. ट्रॉफीच्या, म्हणजे शिकाऱ्याने घरी न्यायच्या शिंगं-कातड्यांच्या, आयातीवर निर्बंध आले, गिऱ्हाईक घटलं, तेव्हा तिथले अनेक ब्लॉक कंपन्यांनी सोडून दिले. सोडलेल्या ब्लॉकवर गस्त कोण घालतं, याचं उत्तर शिकारीच्या कट्टर विरोधकांनीही शोधायला हवं. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी पुढच्या चार दशकांत तिथली जनावरं घटतच गेली.

पैशांचं थोडक्यात. हिशोब सगळीकडे सारखा असतो, दिवसाचा दर आणि वर प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी. नामिबिया किंवा लिम्पोपोत आठवडाभर राहून तीन-चार जनावरं धरली तर विमानभाडं सोडून साधारण ४ ते ८ हजार डॉलर. टांझानियात म्हशीच्या सफारीला २० हजारांच्या वर, आणि २१ दिवसांची असेल तर ६० हजारांच्या पुढेच. कातडं कमावणं, पेंढा भरणं, जहाजाचं भाडं हे सगळं वेगळं, आणि ट्रॉफी घरी पोचायला वर्षही लागतं. जनावर जखमी होऊन निसटलं तरी पूर्ण फी द्यावी लागते. हे सगळीकडे आहे आणि योग्यच आहे. म्हणून जाण्याआधी तिपाईवर रायफल टेकवून उभ्याने नेम धरायचा सराव करा. तिथे बाकावर बसून कुणी चाप ओढत नाही.

रायफल न्यायची असेल तर अमेरिकेतून निघताना ४४५७ क्रमांकाचा कस्टम्स फॉर्म भरून घ्या, नाहीतर परतताना अडचण येते. पहिल्या खेपेला तिथलीच भाड्याने घेणं मला बरं वाटतं. भारतातल्या घरच्या भिंतीवर शिंगं लावायचं स्वप्न असेल तर ते सोडून द्या. आपल्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याने संपली, आणि वन्य प्राण्यांचे अवयव देशात आणण्याचे नियम अतिशय कडक आहेत.

चाप ओढायचाच आहे का, याबद्दल मनात थोडीही शंका असेल तर चौथा मार्ग आहे. झाम्बियातलं दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान. नॉर्मन कार यांनी तिथे पायी सफारी सुरू केली. हत्यारबंद रक्षकामागे पाच-सहा जणांची रांग, माग, वारा, कान देऊन उभं राहणं, शिकारीतलं सगळं इथे आहे, फक्त गोळी नाही. जून ते ऑक्टोबर कोरडा काळ. स्वस्त नाही, चांगल्या तळांवर रात्रीला पाचशे डॉलर सहज जातात. नामिबियातल्या त्या आठ दिवसांत मला सर्वांत जास्त काय आवडलं ते सांगायचं तर माग काढणंच, आणि ते इथे दिवसभर मिळतं.

आतेभावाने शेवटी खासगी फार्मचं पत्रकही बाजूला ठेवलं आणि कॉन्झर्व्हन्सीशी करार असलेला आउटफिटर शोधला. पुढच्या जूनमधले आठ दिवस ठरले आहेत. थंडी असते, गवत वाळलेलं असतं. एक ऑरिक्स, एक कुडू, बस्स. पहिल्याच मेलमध्ये त्याने तीन प्रश्न विचारले होते, कोटा किती, गावाला प्रत्येक जनावरामागे किती जातात आणि मांस कुठे जातं. दोन आउटफिटरनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने गावाबरोबरच्या कराराची प्रत पाठवली.