मूलभूत बचत खाते: दंडाविना बँक वापरण्याची सोय, जी शाखेत आपणहून कोणी सुचवत नाही

बँकांच्या जाहिरातींत बचत खात्यांना ‘गोल्ड’, ‘प्रीमियम’, ‘प्रिव्हिलेज’ अशी बिरुदे लावलेली असतात. ‘मूलभूत बचत ठेव खाते’ हे नाव त्यांत सहसा आढळत नाही. वास्तविक रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१२ मध्ये जुन्या ‘नो-फ्रिल्स’, म्हणजे मोजक्या सोयींच्या, खात्यांच्या जागी ही सोय आणली आणि ती सर्वांना उपलब्ध असलेली नेहमीची बँकिंग सेवा मानावी, असे बँकांना बजावले. किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही, एटीएम कार्ड विनामूल्य, पैसे भरण्याच्या संख्येवर मर्यादा नाही आणि खाते बराच काळ न वापरल्याबद्दल आकारणीही नाही, एवढी या खात्याची मूळ चौकट आहे. घरखर्च, गॅसचे अनुदान, किरकोळ बचत आणि मोबाइलवरून होणारे देणे-घेणे एवढ्यासाठीच बँक लागणाऱ्या कुटुंबाला याहून अधिक काही लागते, असे मला वाटत नाही.

पुण्यातील एका राष्ट्रीयीकृत बँकेत माझ्या सासूबाईंचे साधे बचत खाते होते आणि शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली की दंडाची नोंद पासबुकात छापून येत असे. मूळ दंड दीडशे रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १७७ रुपये. ज्या खात्यात शिल्लक कमी आहे त्याच खात्यातून ही रक्कम जात असल्यामुळे पुढच्या तिमाहीत शिल्लक आणखी कमी भरत असे. खाते बदलून घेण्यासाठी आम्ही शाखेत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी आस्थेनेच सांगितले, “अहो काकू, ते खातं जनधनवाल्यांसाठी असतं, तुम्ही कशाला त्यात पडता?” सासूबाईंनी शांतपणे लेखी अर्ज पुढे केला, त्यात रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा उल्लेख होता, आणि मग तो अर्ज व्यवस्थापकांच्या टेबलावर गेला. बदल झाला, खाते क्रमांकही तोच राहिला. तेव्हापासून पासबुकात शुल्क म्हणावे अशी नोंद आलेली नाही. मे महिन्याच्या अखेरीस वीस रुपये जातात, पण तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता आहे. घरातल्या तरुण मंडळींच्या पासबुकात त्याच सुमारास ४३६ रुपये दिसतात. तोही दंड नसून जीवनज्योती विम्याचा हप्ता असतो, आणि विमा नको असल्यास शाखेत लेखी कळवून तो थांबवता येतो.

काउंटरवरचा तो समज सर्वदूर आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील खाती मूलभूत खातीच आहेत, हे खरे. परंतु प्रत्येक मूलभूत खाते जनधनचे नसते, आणि ते उघडण्यासाठी उत्पन्नाची किंवा पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची कोणतीही अट नाही. दुसरा गोंधळ ‘लहान खात्या’मुळे होतो. पुरेशी कागदपत्रे नसलेल्यांसाठी असलेल्या त्या खात्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षभरातील जमा एक लाखापर्यंत आणि महिन्यातील काढलेली रक्कम १०,००० रुपयांपर्यंत, अशी बंधने असतात. संपूर्ण केवायसी करून घेतलेल्या मूलभूत खात्याला ही बंधने लागू नाहीत. त्याच बँकेत दुसरे बचत खाते मात्र ठेवता येत नाही. आधीचे असल्यास ते तीस दिवसांत बंद करावे लागते. मुदत ठेव किंवा आवर्ती ठेव ठेवण्यास हरकत नसते.

आता उणी बाजू. महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनामूल्य काढू द्यावेत, असा नियम आहे, आणि बहुतेक बँका ‘किमान चार’चा अर्थ ‘चारच’ असा घेतात. शाखेतून काढलेली रोकड आणि एटीएममधून काढलेली रोकड या दोन्ही या चारांतच मोजल्या जातात. साध्या खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पाच व्यवहार आणि त्याशिवाय इतर बँकांच्या एटीएमवर मुंबईत तीन, तर पुणे, नाशिक, नागपूर येथे पाच व्यवहार मोफत मिळतात, कारण या नियमापुरती महानगरे केवळ सहा आहेत आणि महाराष्ट्रातील त्यांपैकी एकटी मुंबई. त्यापुढील प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून कमाल २३ रुपये आणि कर, म्हणजे २७ रुपये १४ पैसे लागतात. मूलभूत खातेदाराला मोफत व्यवहारांची ही उदार मोजणी लागू होत नाही. ज्यांना भाजी, दूध, रिक्षा यांसाठी दर दोन दिवसांनी पाचशेची नोट काढण्याची सवय आहे, त्यांना ही सवय सोडावी लागेल. सासूबाई महिन्याच्या आरंभी एकदा आणि पंधरवड्यानंतर एकदा पैसे काढतात. उरलेल्या दोन वेळा आजारपणासाठी आणि अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात.

या चार वेळांचा इतिहास फारसा गौरवास्पद नाही. मुंबई आयआयटीतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिले, की स्टेट बँकेने मूलभूत खात्यांतील चौथ्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराला, मग तो यूपीआयने केलेला असला तरी, १७ रुपये ७० पैसे आकारले आणि २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी खात्यांतून तीनशे कोटींहून अधिक रक्कम गोळा केली. प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये यूपीआय आणि रुपे कार्डावरील अशी आकारणी परत करण्यास बँकांना सांगितले होते. जे खाते गरिबाला परवडावे म्हणून काढले, त्याच खात्यातून दहा रुपयांच्या चहावर सतरा रुपये कापले जावेत, याला काय म्हणावे? रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२५ मध्ये नियम सुधारले आणि १ एप्रिल २०२६ पासून यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस किंवा दुकानातील यंत्रावर कार्डाने केलेले व्यवहार या चारांत मोजू नयेत, असे स्पष्ट केले. वर्षाला पंचवीस पानांचे चेकबुक तसेच इंटरनेट व मोबाइल बँकिंगही विनामूल्य केले. माझ्या मते या खात्याची उपयुक्तता या सुधारणेने पुष्कळ वाढली आहे.

तरीही प्रत्येकाने लगेच अर्ज करावा, असे मी म्हणणार नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच सर्व बचत खात्यांवरील किमान शिलकीची अट काढली आणि २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही तोच मार्ग धरला. अशा बँकेत साधे खाते असेल, तर बदलामुळे मुख्यतः कार्डाचे वार्षिक शुल्क वाचते, आणि त्याच्या बदल्यात मोफत व्यवहार कमी होतात. हा हिशेब ज्याने त्याने पासबुक पुढ्यात घेऊन करावा. खासगी बँकांची गोष्ट निराळी आहे. आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये महानगरांतील नव्या खात्यांसाठी सरासरी शिल्लक ५०,००० रुपये जाहीर केली आणि ओरड होताच काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. पंधरा हजारही घरखर्चाच्या खात्यात अडकवून ठेवण्याजोगी रक्कम नव्हे. टपाल खात्यातील बचत खाते चार टक्के व्याज देते आणि पाचशे रुपयांवर चालते, पण ३१ मार्चला शिल्लक त्याखाली असल्यास पन्नास रुपये वजा होतात. कर्जाचे हप्ते खात्यातून जात असतील, तर ते मूलभूत असल्यामुळे हप्ता परत गेल्याचा दंड माफ होईल, असे मात्र कोणी समजू नये.

ज्यांना साधेच खाते चालू ठेवायचे आहे, त्यांच्याही हाती काही हक्क आहेत. शिल्लक कमी झाल्यास बँकेने आधी कळवले पाहिजे, ती भरण्यासाठी महिनाभर दिला पाहिजे, दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे आणि केवळ दंडापायी शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. हे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. शाखेने दाद दिली नाही, तर लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनामूल्य जावे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीची दुसरी प्रत जवळ ठेवून तिच्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख यांसह पोच घ्यावी, कारण तीस दिवसांची मोजणी त्याच तारखेवरून दाखवावी लागते.