सहारचे पॉइंट की फोर्टमधली खोली?

मुंबई हायकोर्टात तारीख, मुक्काम दोन रात्रींचा. मावसभावापुढे पेच: विमानतळाजवळ सहारला पॉइंट (मुक्कामागे जमणारे, पुढच्या बुकिंगला वापरायचे गुण) देणारं चेनचं हॉटेल घ्यावं की फोर्टमधलं साधं?

भाडं आधी. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८. चेनवाली बहुधा वरच्या टप्प्यात. शिवाय हॉटेलची स्वतःची साइट सोडून दुसऱ्या साइटवरून बुक केलं तर पॉइंट सहसा मिळतच नाहीत.

खरा फरक वेळेचा. सहारजवळचं अंधेरी स्टेशन ते कोर्टाजवळचं चर्चगेट साधारण २२ किलोमीटर; सकाळच्या लोकलमध्ये फाइल छातीशी धरून उभं राहायचं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ विमानतळावरून थेट कोर्टाजवळच्या हुतात्मा चौकापर्यंत येते, त्यामुळे सहारची बाजू बरीच सावरलीय. तरी जाऊन-येऊन दीड-दोन तास गेलेच. फोर्टमधून कोर्ट चालत.

झोप मात्र सहारलाच चांगली. फोर्टच्या जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, आधी विचारा.

पहाटेचं विमान असेल किंवा कंपनीच्या पैशाने दर महिन्याला येणं असेल, तर सहार. स्वतःच्या खिशातून तारखेला येणाऱ्याने फोर्टच घ्यावं. एखादा कागद राहिला तर दुपारच्या सुट्टीत खोलीवर जाऊन आणता येतो.