लाखाचा स्वल्पविराम आणि डिसेंबरची जानेवारी: नव्या एक्सेलबरोबरचे काही महिने

नव्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फीचरची यादी देत बसत नाही. वर्ड काय, एक्सेल काय, सगळ्यांना ठाऊक आहे. पॉवरपॉइंट तर मी अजून उघडलेलंही नाही. माझं काम अकाउंट्स आणि जीएसटीचं, ऑफिस नागपुरात नंदनवनला, घराच्याच पुढच्या खोलीत. क्लायंट बहुतेक कळमना मार्केटातले मिरची-धान्याचे अडते, थोडे इतवारीचे किराणावाले. त्यामुळे हा अनुभव म्हणजे एक्सेलचाच अनुभव समजा.

आधी माझ्याकडे ऑफिस २०१० होतं. डबीत सीडी, डबीवर प्रॉडक्ट की, एकदा पैसे दिले की विषय संपला. त्याचा सपोर्ट २०२०च्या ऑक्टोबरमध्येच संपला होता, पण ते बिचारं चालत होतं. २०१७ला जीएसटी आला, तोही त्याच्यावरच निभावला. मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला (ऑफिस २०१६ आणि २०१९चाही त्याच दिवशी), आणि दिवाळीनंतर नवा लॅपटॉप घरात आला. त्याला सीडी घालायला जागाच नाही.

पहिलं 'नवीन ऑफिस' ह्यांनी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) लॅपटॉपसोबतच आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश. एका कागदावर ईमेल आयडी, पासवर्ड आणि खाली लाल पेनाने 'लाइफटाइम'. आयडी कुठल्यातरी परदेशी कॉलेजचा दिसत होता. मी फोन करून विचारलं, हा आयडी कोणाचा? दुकानदार म्हणाला, "मॅडम, टेन्शन काहून घेऊन राहिल्या? अर्धं नागपूर हेच वापरून राहिलं."

अर्ध्या नागपूरचं मला माहीत नाही. आमचं लाइफटाइम डिसेंबरातच आटोपलं, तेही जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची २० तारीख तोंडावर असताना. एक्सेल म्हणे फाइल बघा, प्रिंट काढा, पण एक आकडा बदलायचा नाही. दुकानात गेलो तर "आयडी बंद पडला, दुसरा देतो, थोडे पैसे लागतील." दुसरा कशाला? तो पण कोणत्यातरी कॉलेजचाच. भांडण चांगलं रंगलं. शेवटी भरपाई म्हणून एक वायरलेस माउस मिळाला. तो चालतो.

अशा आयडीमागचा प्रकार साधा असतो. एखाद्या संस्थेच्या लायसनखाली भलत्याच लोकांची खाती उघडून विकायची. संस्थेने खाती साफ केली की तुमचं ऑफिस गेलं, आणि त्या खात्याच्या क्लाउडमध्ये फाइली ठेवल्या असतील तर त्याही गेल्या. मी नाइलाजाने मायक्रोसॉफ्टचा रीतसर वर्षाच्या भाड्याचा बिझनेस प्लॅन घेतला. घरगुती प्लॅन स्वस्त पडतो, पण धंद्यासाठी तो चालत नाही, हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. दुकानदार ते सांगत नाहीत.

आता मुख्य तक्रार. माझी एकच आहे, पण ती मी महिनोन्‌महिने धरून बसले आहे.

नव्या मशीनवर पहिली जुनी शीट उघडली, एका मिरचीवाल्याची उलाढाल. बेरजेच्या जागी १२,३४,५६७ दिसायला हवं, तिथे १,२३४,५६७. एवढ्याशा स्वल्पविरामाने काय होतं, असं वाटत असेल तर ती शीट कळमन्यात नेऊन दाखवा. आमचे क्लायंट कोटींचे सौदे तोंडी करतात, अडत, हमाली, तोलाई सगळं डोक्यात. कागदावरचा आकडा मात्र ते स्वल्पविरामावरून वाचतात. शेवटचे तीन, मग दोन, मग दोन. प्रिंट हातात घेऊन एकाने मला विचारलं, "ताई, हे एक लाख का बारा लाख?" मी म्हटलं बारा. तो म्हणाला, "मग बारा लिवा ना."

इंटरनेटवर याचा एक जुगाड फिरतो, तो मी केला. कस्टम फॉरमॅटमध्ये दोन अटी टाकायच्या. कोटीच्या वर असेल तर असे स्वल्पविराम, लाखाच्या वर असेल तर तसे, बाकी नेहमीसारखे. दिसतं झकास. पण एक्सेल अशा दोनच अटी घेतं, आणि उणे आकडा 'बाकी'मध्ये जाऊन पडतो. म्हणजे नफा १२,३४,५६७ असा देशी आणि तोटा -१,२३४,५६७ असा अमेरिकन. बँकेच्या कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट केला होता, त्यात एकाच रकान्यात दोन्ही तऱ्हा. मॅनेजरसाहेबांनी तोट्याच्या आकड्याला पेनाने गोल केला. त्यांना तोटा खटकला की स्वल्पविराम, ते त्यांनी सांगितलं नाही.

इथवर मी हा प्रकार एक्सेलच्याच नावावर मांडून ठेवला होता. जानेवारीत उधारीची यादी काढली तेव्हा कळलं की गोम वेगळीच आहे.

क्लायंटच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली नुसत्या मजकुराची फाइल) येते, ती मी वर्षानुवर्षं डबल क्लिक करून उघडते. कोणाकडे किती दिवसांची बाकी, ते काढून देते. आयकराचं कलम ४३बी(एच) आल्यापासून तर पैसे देणारेही दिवस मोजायला लागलेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत (लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस) दिले नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी धरता येतो. थोडक्यात, तारीख म्हणजे पैसा. यादी पाठवली आणि तासाभरात फोन.

"ताई, त्या भंडाऱ्याच्या माणसानं तर आत्ता डिसेंबरात माल नेला. अन् तुमचा कागद म्हणून राहिला का वर्षापासून पैसे देले नाही! मी त्याले बोललो ना बे फोनवर!"

बिल होतं ०१/१२/२०२५चं. एक्सेलने ते १२ जानेवारी २०२५ धरलं. आधी महिना, मग दिवस, अमेरिकन पद्धत. बिल आहे त्याहून ३२३ दिवसांनी जुनं झालं! २ डिसेंबरचं बिल १२ फेब्रुवारीला गेलं, ३ डिसेंबरचं १२ मार्चला. डिसेंबरच्या पहिल्या अकरा तारखा वर्षभर पसरल्या, प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेला एक. १२ डिसेंबर तेवढी जागेवर राहिली. आणि १३ तारखेपासून पुढे? तेरावा महिनाच नसतो, म्हणून एक्सेलने त्यांना तारीख मानलंच नाही, नुसता मजकूर म्हणून सोडून दिलं. ते हिशेबातच आले नाहीत.

हे नजरेने ओळखायची खूण आहे, ती लक्षात ठेवा. सीएसव्ही उघडल्यावर तारखेचा रकाना थोडा रुंद करा. खऱ्या तारखा उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. चुकीच्या तारखा त्याच असतात. डावीकडे पडलेल्या निदान खोटं बोलत नाहीत.

याचं मूळ बर्डीतच निघालं. दुकानदाराने लॅपटॉप 'सेट करून' दिला होता तो अमेरिका प्रदेश ठेवून, आणि एक्सेल तारीख नि स्वल्पविराम दोन्ही विंडोजला विचारून ठरवतं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथे रीजनल फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' करा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. उणे-अधिक सगळे लाख-कोटी जागेवर. एवढंच. हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर भंडाऱ्याच्या माणसाने शिव्या खाल्ल्या नसत्या.

पण सेटिंग बदललं म्हणून आधी उघडून सेव्ह केलेल्या शीट दुरुस्त होत नाहीत. स्वल्पविराम नुसता दिसण्याचा असतो, फाइलमध्ये नसतो. तारीख फाइलमध्ये आकडा होऊन बसते. १ जानेवारी १९००ला १ धरून एक्सेल दिवस मोजत जातं. १ डिसेंबर २०२५ म्हणजे ४५९९२, आणि माझ्या फाइलमध्ये पडला होता ४५६६९. आता प्रदेश भारत करा की आणखी काही, ४५६६९ म्हणजे १२ जानेवारीच. मूळ सीएसव्ही पुन्हा मागवण्यावाचून इलाज नाही. म्हणून मूळ फाइल पुसू नका आणि तिच्यावर सेव्हही करू नका.

दुसरी मेख अशी, की स्वल्पविराम बघणाऱ्याच्या मशीनवर ठरतो. माझ्याकडे १२,३४,५६७ दिसणारी शीट बँकेतल्या मशीनवर परत १,२३४,५६७ दिसू शकते. म्हणून बाहेर जाणारं सगळं मी आता पीडीएफ करून पाठवते.

आता इथे मला नव्या एक्सेलची बाजू घ्यावी लागते, इच्छा नसताना. सीएसव्हीवर डबल क्लिक करणं मी सोडून दिलं. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यायचं, ट्रान्सफॉर्म दाबायचं, तारखेच्या रकान्यावर 'चेंज टाइप, यूझिंग लोकेल' म्हणून तारीख आणि भारत सांगायचं. नव्या फाइलमध्ये ते एकदाच. पुढच्या महिन्याची फाइल त्याच नावाने त्याच जागी ठेवून रिफ्रेश मारलं की झालं, मशीन कोणत्याही देशात असो. एका फोल्डरमधली बाराही महिन्यांची बँक स्टेटमेंट अशीच एकत्र येतात. मार्चअखेरीला जे काम माझ्याकडची पोरगी कॉपी-पेस्ट करत दिवसभर पुरवायची, ते चहा होईस्तोवर झालं. ती थोडी नाराज दिसली.

आणि एक्सलुकअप, म्हणजे यादीत नाव शोधून त्याच्यासमोरचा आकडा आणून देणारं नवं सूत्र. जुन्या व्हीलुकअपमध्ये रकाने मोजायचे, मध्ये कोणी रकाना घुसवला की सगळं घसरायचं, शेवटी शून्य टाकायला विसरलं की भलतंच उत्तर. ते संपलं. एक मात्र आहे, २०१६ किंवा २०१९ वापरणाऱ्याला अशी शीट दिली तर त्याच्याकडे हे सूत्र चालत नाही. त्याने तो सेल बदलायला घेतला की चूक दाखवतं. सीएकडे पाठवताना मी सूत्रांच्या जागी नुसती उत्तरं (व्हॅल्यूज) पेस्ट करून देते.

बाकी किरकोळ. ऑटोसेव्हचा त्रास आहे. क्लाउडमधली मागच्या वर्षीची फाइल उघडून त्यातच नवं वर्ष सुरू करायची सवय असेल, तर मागचं वर्ष तुमच्या डोळ्यांदेखत खाडाखोड होतं. व्हर्जन हिस्टरीतून ते परत आणता येतं, पण त्यापेक्षा ऑप्शन्समधल्या 'सेव्ह'मध्ये जाऊन क्लाउडच्या फाइलींच्या ऑटोसेव्हची टिक काढा. जीएसटी पोर्टलवरून उतरवलेल्या मॅक्रोच्या, म्हणजे आत छोटे प्रोग्राम असलेल्या फाइली (९सी फॉर्मचं ऑफलाइन टूल वगैरे) लाल पट्टी दाखवून अडतात. २०२२पासून तसं केलं आहे आणि ते बरोबरच आहे. झिप उघडायच्या आधी तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. जुन्या मराठी पत्रांत मंगल फॉन्ट दिसत नसेल तर तो गेलेला नाही, विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून पडून आहे. कॅलिब्री जाऊन नवीन फाइलला ॲप्टोस आला, त्याने माझं काही अडलं नाही. एआयचं बटण मी दाबून पाहिलं नाही. मे महिन्यात नागपूरला माणसाचंच डोकं चालत नाही.

पैशाचं म्हणाल तर भाड्याचं सॉफ्टवेअर मला पटत नाही ते नाहीच. २०१०च्या डबीने इतकी वर्षं काढली आणि हे दरवर्षी हात पसरणार, न दिले तर माझ्याच शीट मला नुसत्या बघायला लावणार. ज्यांना चार-पाच मशीन आहेत, पोरं बाहेरगावी आहेत, क्लाउडची जागा लागते, त्यांनी घ्यावं. माझ्यासारख्या एका खोलीच्या ऑफिसला ऑफिस २०२४ची एकरकमी आवृत्ती पुरते. एक्सलुकअप त्यात आहे, सीएसव्हीचं वर सांगितलेलं सगळं त्यात आहे आणि सपोर्ट २०२९च्या ऑक्टोबरपर्यंत आहे. ती एका मशीनपुरतीच असते, आणि धंद्यासाठी होम नव्हे, होम अँड बिझनेस मागायची. माझं वर्ष संपलं की मी तीच घेणार आहे, पण ह्यांना बर्डीला न पाठवता.