एफएफप्रोब आणि मीडियाइन्फो, दोन वर्षं वापरल्यावर

मी अंबाजोगाईकडं लग्नं, साखरपुडे आणि सप्त्यातली कीर्तनं शूट करतो, एडिटिंगबी माझंच. व्हिडिओ फाइलच्या आत काय आहे ते सांगणारी ही दोन टूल मी कमांड लाइनवर म्हणजे काळ्या खिडकीत टाइप करून वापरतो, म्हणून आमच्या फील्डमधले बरेच जण त्यांच्या वाटेला जात नाहीत. पण मला वाटतं प्रत्येक शूटिंगवाल्याच्या लॅपटॉपवर ही दोन्ही पाहिजेत. दोन्ही फुकट आहेत, क्रॅक बिक काही शोधायची गरज नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. केजकडच्या एका पार्टीला लग्नाचा पेनड्राइव्ह दिला आणि रात्री साडेनऊला फोन, "दादा, आवाज यायलाय पण चित्रच दिसंना, सगळे पाहुणे बसलेत टीव्हीपुढं." माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल मस्त चालायली होती. एक्स्टेन्शन एमपी४, टीव्ही एमपी४ घेतो म्हणतो, मग अडलं कुठं? तर एमपी४ हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते डब्यावरून कळत नाही. आत एच२६४ असंल, एचईव्हीसी असंल, एव्ही१ बी असू शकतं, हे सगळे कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धती. एफएफप्रोब लावून बघितलं तर आत निघालं एचईव्हीसी, प्रोफाइल मेन १०, आणि पिक्सल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी१०एलई. ह्यातल्या त्या १० ला महत्त्व आहे बगा, म्हणजे १० बिटचा कलर. ड्रोनचे क्लिप १० बिटमध्ये होते आणि मी एक्स्पोर्टबी तसाच मारला होता. जुन्या टीव्हीतल्या चिपला ते उलगडत नाही, आवाज वेगळ्या कोडेकमध्ये असतो म्हणून तो तेवढा येतो. मग एच२६४ मध्ये, ८ बिटवर, म्हणजे साधं वाययूव्ही४२०पी, परत काढून सकाळी पेनड्राइव्ह नेऊन दिला. तेव्हापासून पेनड्राइव्ह पार्टीच्या हातात जायच्या आधी फाइल एकदा एफएफप्रोबमधून काढतोच.

एफएफप्रोब वेगळं शोधायची गरज नाही, ते एफएफएमपेग ह्या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या टूलच्या सोबतच येतं. एफएफएमपेग २००० साली फाब्रिस बेलार्डनं सुरू केलं, आणि आज कितीतरी प्लेअर आणि कन्व्हर्टर आतून तेच वापरतात. उबुंटूवर एपीटीनं एफएफएमपेग टाकलं की झालं, विंडोजवर विनगेटनं येतं (दोन्ही सॉफ्टवेअर टाकायच्या कमांड). कमांड मी इथं उच्चारानं लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरातच करायची: एफएफप्रोब, जागा सोडून -हाइड_बॅनर, मग फाइलचं नाव. नावात जागा असली तर अवतरण चिन्हात घाला, नाहीतर फाइलच सापडत नाही म्हणतं. हाइड_बॅनर टाकलं नाही तर आधी व्हर्जनची लांबलचक पट्टी येते आणि नवीन माणूस तिथंच घाबरतो. फाइल ४० जीबीची असली तरी उत्तर काही सेकंदात येतं कारण ते अख्खी फाइल वाचत बसत नाही, फाइलबद्दलची लिहिलेली माहिती घेतं आणि थोडंसं आत डोकावतं.

एक खोड सांगून ठेवतो, ह्याच्यात माझी एक संध्याकाळ गेली. हे साधं उत्तर तुम्ही > लावून टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायला गेलात तर फाइल रिकामीच येते, कारण ते एररच्या नळातून बाहेर पडतं. -शो_स्ट्रीम्स किंवा -शो_फॉरमॅट लावलं की मग बरोबर फाइलमध्ये येतं, आणि -ओएफ जेसन लावलं तर स्क्रिप्टला वाचता येईल असं येतं. लग्नाचे दीडशे क्लिप तपासायचे असले तर हाच रस्ता, एकेक उघडून बघण्यात दिवस जाईल.

आता कीर्तनाचं. काल्याचं कीर्तन दोन तासाचं, मोठ्या कॅमेऱ्यासोबत एक मोबाइल साइडला लावला होता आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला टाळ बरोबर जुळत होता, शेवटी शेवटी पखवाजवर हात आधी पडायला आणि आवाज मागून. जवळपास पाच सेकंदाचा फरक. एफएफप्रोबमध्ये फ्रेम रेटचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याचे, दोन आकडे असतात, आर_फ्रेम_रेट आणि ॲव्हरेज_फ्रेम_रेट (टाइप करताना एव्हीजी). पहिला ३० दाखवायला, दुसरा हिशोब केल्यावर २९.९८ च्या आसपास. मोबाइल एकसारख्या वेगानं फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला, फोन तापला की कमी जास्त होतं, आणि एडिटर ३० धरून चालला की दोन तासात एवढा घोळ होतो. आता मोबाइलचं फुटेज आधी एकसारख्या फ्रेम रेटवर कन्व्हर्ट करतो आणि मगच टाइमलाइनवर घेतो. हे आकडे अपूर्णांकात येतात, ३०००० भागिले १००१ दिसलं तर चूक समजू नका, ते २९.९७ आहे.

इथं मीडियाइन्फो भारी आहे. ते सरळ फ्रेम रेट मोड व्हेरिएबल असं लिहून देतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती तेबी सांगतं, भागाकार करत बसायचं काम नाही. मांडणी इतकी स्वच्छ की माझ्या पुतण्याला दिलं तर त्यानं न सांगता वाचलं. दुसरी गोष्ट जी एफएफप्रोब मला देत नाही: एक्स२६४ नं (एच२६४ बनवणारं सॉफ्टवेअर) बनवलेली फाइल असली तर एन्कोडिंगची सगळी सेटिंग, सीआरएफ म्हणजे क्वालिटीचा आकडा किती ठेवला होता ते सुद्धा मीडियाइन्फो दाखवतं, कोणी पुसलं नसंल तर. जुन्या एडिटरकडून आलेल्या भागाला जुळणारा पुढचा भाग काढायचा होता तेव्हा ह्यानंच काम भागलं. मोबाइलनं स्वतः बनवलेल्या फाइलमध्ये मात्र हे नसतं, तिथं शोधत बसू नका. विंडोजवर घेताना बघून घ्या, बटणांवाली आणि कमांडवाली अशा दोन वेगळ्या डाउनलोड आहेत.

एमकेव्ही (एमपी४ सारखाच दुसरा डबा) च्या बाबतीत एफएफप्रोब बऱ्याचदा व्हिडिओच्या बिटरेटपुढं, म्हणजे सेकंदाला किती डेटा त्याच्यापुढं, एनए म्हणजे माहिती नाही असं लिहितं. तो बिघाड नाही, त्या डब्यात प्रत्येक स्ट्रीमचा बिटरेट लिहिलेला असेलच असं नाही. फॉरमॅटखालचा एकूण बिटरेट बघायचा.

आणि "मूव्ह ॲटम नॉट फाउंड" आलं तर पटकन फाइल डिलीट करू नका. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी ऐन वरातीत गेली होती तेव्हा हेच आलं. एमपी४ ची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग संपल्यावर शेवटी लिहितात, मध्येच बंद पडलं की ती राहून जाते, चित्र मात्र आत असतं. अनट्रंक नावाचं टूल आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यायची. माझी वरात जवळपास सगळी परत आली, शेवटचे थोडे सेकंद सोडून.

मला विचाराल तर एफएफप्रोबला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या रिकाम्या टेक्स्ट फाइलपायी कापला. मीडियाइन्फोला चार, कारण दीडशे क्लिप एकदम तपासताना माझा हात एफएफप्रोबकडंच जातो. दोन्हीतलं एकच टाकायचं असंल आणि कमांडची सवय नसंल तर आधी मीडियाइन्फो टाका.