केनपॉम: कुठली कॉन्फरन्स किती पाण्यात?

नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायचं म्हणजे एसीसीचं कॉलेज बास्केटबॉल आपसूक अंगात भिनतं. एसीसी ही एक कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. आमच्या गल्लीत एका घरावर ड्यूक विद्यापीठाचा गडद निळा झेंडा, बरोबर समोरच्या घरावर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा आकाशी. एसीसीच्या तोडीची कॉन्फरन्स नाही, असं मीही छातीठोकपणे सांगायचो. आकडेवारीवरून संघांची क्रमवारी लावणाऱ्या केनपॉम या संकेतस्थळाची वर्गणी भरली आणि ते सांगणं बंद झालं.

ते चालवणारा केन पॉमरॉय मूळचा हवामानतज्ज्ञ. दर 100 पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू संघाच्या ताब्यात असण्याची एक पाळी) संघ किती गुण करतो आणि किती देतो, हे तो समोरच्याचा दर्जा आणि मैदान घरचं की बाहेरचं हे धरून मोजतो. कॉन्फरन्सचा आकडा मला फार आवडतो: तिथल्या सगळ्यांशी खेळून निम्मे सामने जिंकायला संघ किती तगडा लागेल, ते त्यातून कळतं.

डिसेंबर 2024 मध्ये एसीसी आणि एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांतल्या 16 लढतींपैकी 14 एसईसीने मारल्या. सकाळच्या चहाबरोबर तक्ता उघडला की एसईसी सगळ्यात वर, आणि मला ते बघवत नव्हतं. मार्चमध्ये तसंच झालं. एसईसीच्या 16 पैकी 14 संघांना एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट, हा विक्रमच, एसीसीचे चार. शेवटच्या सोळांत एसईसीचे सात, आमचा एकटा ड्यूक. एसईसीच्याच फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 हरवून करंडकही नेला.

तक्त्याच्या तळाशी स्वॅक ही कॉन्फरन्स. तिचे संघ नोव्हेंबर-डिसेंबरात मोठ्या विद्यापीठांच्या मैदानावर मानधन घेऊन खेळायला जातात, त्या पैशांवर त्यांचा खेळाचा खर्च भागतो. नुसती हार-जीत पाहिली तर ते आहेत त्याहून दुबळे वाटतात. केनपॉमवर निदान तेवढा अन्याय होत नाही.

एक मात्र आहे, एका आकड्यात कॉन्फरन्सच्या आतली दरी दिसत नाही. 2025 मधल्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये गोंझागा कुठे आणि शेवटचा संघ कुठे! म्हणून कॉन्फरन्सच्या नावावर क्लिक करून आतले संघ बघाच. 2023 च्या एनसीएए स्पर्धेत बलाढ्य पर्ड्यूला 63-58 लोळवणारा फेअरली डिकिन्सन तळाकडच्याच एनईसी कॉन्फरन्सचा होता.

वर्गणी वर्षाची असते. मार्चची वाट बघू नका, नोव्हेंबरातच भरा. नवीन वर्ष लागलं की कॉन्फरन्समधले संघ बहुतेक आपापसातच खेळतात, एकाची जीत ती दुसऱ्याची हार. क्रम ठरतो तो त्याआधीच्या दोन महिन्यांत.